परवानाधारक हौसाक्का

एकतीस वर्षं पोलीस खात्यात काढली, पण माझ्या हातून एकही चोर पकडला गेला नाही. हे मी कमीपणानं सांगत नाही, तशी वेळच आली नाही. सुरुवातीची वर्षं बंदोबस्तात उभं राहण्यात गेली आणि पुढची सगळी मुद्देमालाच्या खोलीत बसण्यात. इंदापूर तालुक्यातल्या ज्या ठाण्यात मी शेवटची बारा वर्षं होतो, तिथं मुद्देमाल कारकून म्हणजे मीच. विहिरीवरून चोरलेल्या मोटारी, केबलची वेटोळी, बांधाच्या भांडणातल्या कुऱ्हाडी, हातभट्टीचे कॅन, हे सगळं माझ्या कुलपात. आणि निवडणूक लागली की बंदुका.

ज्यांच्या घरी बंदूक नाही त्यांना हे ठाऊक नसतं म्हणून सांगतो. आचारसंहिता लागली की परवान्याचं हत्यार ज्याचं त्यानं ठाण्यात आणून जमा करायचं, पावती घ्यायची आणि मतमोजणी झाली की परत न्यायचं. लोकसभा असो, विधानसभा असो, जिल्हा परिषद असो. आमच्याकडं खरं तर कारखान्याच्या निवडणुकीला बंदुका जमा करायला हव्यात, पण तसा नियम नाही.

जमा करायला येणारे लोक बहुतेक सगळे पुरुष, आणि बहुतेक सगळे रागावलेले. कातडी म्यानातलं पिस्तूल टेबलावर आपटून म्हणायचे, "माझ्यावर काही गुन्हा आहे का?" कुणी रांगेत उभं राहूनच साहेबांना फोन लावायचा. कुणाची बंदूक ड्रायव्हर घेऊन यायचा आणि मालक गाडीत एसी लावून बसायचा. मी मान खाली घालून नंबर लिहायचो. त्यांचं म्हणणं मला पुरतं चुकीचं वाटायचं नाही. घरात आलेलं हत्यार सरकार बोलावून घेतं, म्हणजे सरकारचा तुमच्यावर विश्वास नाही, हा त्याचा अर्थ होतोच.

अशाच एका रांगेत हौसाक्का पहिल्यांदा दिसली. पासष्टीच्या पुढची, उंच, काटक बाई. हिरवं नऊवारी, पायात पुरुषी चपला, आणि खांद्यावर जुन्या गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक. मला वाटलं, भांडणातली काठी पुरावा म्हणून घेऊन आली आहे.

"मावशी, तक्रार पलीकडच्या खोलीत," मी म्हणालो.

"तक्रार न्हाय. जमा करायला आलीय."

तिनं गोधडी सोडली. आत बारा बोअरची एकनळी बंदूक होती, आणि गोधडीच्याच शिवणीत खोवलेला परवाना. परवान्यावर तिचंच नाव होतं, तिचाच तरुणपणीचा फोटो होता. रांगेतले सगळे जण आपापले फोन विसरून बघायला लागले.

"एसटीनं आणली?" मी विचारलं.

"मग काय पाठीवर घेऊन चालत? कंडक्टर म्हनला, काय हाय. म्हनलं, बंदूक. हसला आन् सामानाचं हाफ तिकीट फाडलं." तिनं ते तिकीटही दाखवलं.

मी बंदुकीचा नंबर लिहून पावती फाडायला घेतली, तर तिनं हात आडवा केला. दस्त्याला उजव्या बाजूनं एक पितळी खिळा मारलेला होता, तो लिहायला सांगितलं. मग नळीच्या तोंडाशी एक बारीक पोचा होता, तोही. मी म्हणालो, "आक्का, नंबर लिहिलाय ना. एवढं कशाला?"

"नंबर तुमाला कळतो. मला खिळा कळतो."

खिळा लिहिला, पोचा लिहिला. तिनं पावती घेतली आणि ओळीखालून बोट फिरवत पूर्ण वाचली. तिसरीपर्यंतची शाळा, त्यामुळं वेळ लागला. मागची रांग कुरकुरायला लागली तरी तिनं मान वर केली नाही. वाचून झाल्यावर म्हणाली, "शिक्का पुसट उठलाय." मी परत शिक्का मारला. त्या दिवशी मला तिचा मनापासून राग आला होता.

दहा-बारा दिवसांनी बाजारच्या दिवशी ती पुन्हा हजर. हातात शिलाई मशीनच्या तेलाची बारकी बाटली आणि धोतराचं धुतलेलं फडकं.

"मुद्देमालाची खोली वलसर हाय तुमची. गेल्या येळंला बंदूक घरी नेली तर नळीत तांबूस आलं व्हतं. तेल लावायला आलीय."

मी म्हणालो, जमा केलेल्या हत्याराला हात लावता येत नाही. ती म्हणाली, "माल सरकारच्या ताब्यात हाय, ते बराबर हाय. पन गंज माज्याच लोखंडाला लागतो ना?" मी उठून साहेबांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, "तुमच्या नजरेसमोर बसवा." तेव्हापासून प्रत्येक निवडणुकीत, प्रत्येक बाजारी ती यायची. ठाण्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून, बंदूक मांडीवर आडवी घेऊन, फडक्यानं नळी पुसायची. पलीकडं मारामारीतले लोक जबाब देत असायचे. एकदा एक आरोपी तिला बघून कॉन्स्टेबलला म्हणाला, "ही कोण? मला हलवा इथून."

चहा दिला तर घ्यायची, पण स्वतः कधी काही आणायची नाही. बाकीचे परवानेवाले बंदूक परत न्यायला येताना पेरूची पिशवी, डाळिंबं, निदान उसाची मोळी टाकून जायचे. हिची दोन एकर पेरूची बाग. पण एक पेरू कधी आणला नाही. मी एकदा चेष्टेत म्हणालो, "आक्का, पेरू गोड आहेत म्हणे तुमचे."

"हायती. हितं आनलं तर लाच व्हईल. घरी आलासा तर पाव्हणचार व्हईल. या की घरी."

गेलो मी घरी, पण ते फार नंतर आणि भलत्याच कामासाठी.

बाकावर नळी पुसता पुसता ती आपली हकिगत तुकड्यातुकड्यानं सांगायची. मी नोंदी करत ऐकायचो, म्हणजे अर्धं कानात जायचं. तिचं माहेर डाळजच्या बाजूला, भीमेच्या काठी. उजनीचं धरण झालं आणि ते पाण्यात गेलं. "नोटीस आली तवा आमच्या आबांनी ती देवाम्होरं ठिवली. सरकारचा कागद म्हनून हळदकुंकू लावलं. वाचली कुनीच न्हाय. पानी उंबऱ्याला लागलं तवा मास्तरला बोलावून वाचून घेतली." हे ती हसत सांगायची, पण त्यानंतर तिनं न वाचता एकही कागद हातावेगळा केला नव्हता. लग्नपत्रिकासुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची.

सासर अंथुर्ण्याच्या अलीकडं, कालव्याच्या खालच्या अंगाला, गावापासून दोन मैलांवर वस्ती. नवरा विहिरीवरची मोटर चालू करायला गेला आणि शॉक लागून जागच्या जागी गेला. तेव्हा ती तिशीची, पोरगा विलास चार वर्षांचा. दिवस झाल्यावर थोरल्या दिरानं निरोप धाडला की, बाईमाणसानं वस्तीवर एकटं राहणं बरं दिसत नाही. गावातल्या घरात ये, दोन वेळचं खायला घालतो, जमीन आम्ही बघतो. निरोप गोड होता. अशा निरोपांतून किती बायकांच्या जमिनी गेल्या, हे ज्यांनी सात-बारा बघितलेत त्यांना ठाऊक आहे.

सासरे, म्हणजे तात्या, मात्र वेगळे निघाले. त्यांच्याकडं जुन्या काळापासून बंदुकीचा परवाना होता, माळावरच्या लांडग्यांसाठी आणि रानडुकरांसाठी घेतलेला. ते आता थकले होते. त्यांनी तलाठ्याकडं जाऊन सुनेचं नाव सात-बाऱ्यावर लावलं आणि त्याच वर्षी तिला चार वेळा एसटीनं पुण्याला नेऊन कलेक्टर कचेरीतून परवानाही तिच्या नावावर करून घेतला. "तितला सायेब तात्यांना म्हनला, बाईला बंदूक कशाला? तात्या म्हनले, बापयाला कशाला देता? तेच लिवा." मग घरी येऊन दारासमोरच्या भिंतीत खुंटी ठोकली, आत पाऊल टाकणाऱ्याला पहिली तीच दिसावी अशी. थोरल्या लेकाला बोलावून सांगितलं, "ही आता तिच्या नावाची. मला इचारून उपेग न्हाय." दीर त्यानंतर त्या घरात आला तो तात्यांच्या मयतीलाच.

मी विचारलं, "कधी उडवली का?"

"एकदा. तात्यांनी शिकवायला उडवून घेतली. आवाजानं म्हस बिथरली, दोन दिस दूद दिलं न्हाय. परत उडवली न्हाय."

"मग इतकी वर्षं कशाला सांभाळायची?"

तिनं फडक्याची घडी बदलली. "सात-बारा कदी वाजतो का जमादार? तरी जपताच न्हवं?"

मी हवालदार होतो, पण ती मला शेवटपर्यंत जमादारच म्हणत राहिली.

अशाच एका निवडणुकीत बंदूक माझ्या कुलपात होती आणि तिच्या भागात बिबट्या आला. आमच्याकडं आता त्याचं नवल राहिलेलं नाही. ऊस झाला की बिबट्या आलाच, बछडी उसातच जन्मतात आणि त्यांना जंगल म्हणजे ऊसच वाटतो. त्या वर्षी त्यानं हौसाक्काचं कुत्रं नेलं आणि शेजारच्या भानुदासची कालवड फाडली. भानुदास म्हणजे त्या थोरल्या दिराचा मुलगा, तिचा पुतण्या. त्याचं रान तिच्या रानाला लागून. त्यानंच गावातली दहा-पंधरा पोरं जमवली आणि तिच्या वस्तीवर नेली. पुढचं मला वनखात्याच्या गार्डनं सांगितलं, तो तिथं पिंजरा लावायला गेला होता.

पोरं म्हणाली, "काकू, ठाण्यातून बंदूक सोडवून आन. आमी बगतो त्याच्याकडं."

ती म्हणाली, "निवडणूक हाय."

निकाल लागला, बंदूक घरी गेली, पोरं पुन्हा आली. या वेळी भानुदासनं सरळ खुंटीकडं हात केला. हौसाक्का मधे उभी राहिली. "परवाना माज्या नावाचा हाय. तुज्या हातात गेली का ती बंदूक न्हाय, गुन्हा हाय. आन् बिबट्याला मारलं तर जेलात कोन जाईल? तू?"

"मग काय त्यानं मानूस न्यायची वाट बगायची?"

"दिस मावळायच्या आत घरी या. पोरांना उसाच्या कडंला एकटी सोडू नगा. वाकून काम करताना दुसऱ्याला उभं करा. गार्डसायेबानं सांगितलंय ते करा की. ते करायला बंदूक लागत न्हाय." एवढं बोलून तिनं बंदूक खुंटीवरून काढली, सगळ्यांना दिसेल अशी धरली, पुन्हा अडकवली. "बगितली? आता जावा."

गार्ड मला म्हणाला, "हवालदार, कायदा पाठ असलेली माणसं पुष्कळ बघितली. स्वतःच्या दारात जनावर आल्यावरही पाळणारी ही एकच." मला त्या बाईचा अभिमान वाटला. का वाटावा, मी काही तिचा नातेवाईक नव्हे. पण वाटला.

या बिबट्यापायीच विलास माझ्याकडं आला. विलास बारामतीच्या एमआयडीसीत एका कंपनीत सुपरवायझर, तिथंच दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, बायको, दोन मुली. सरळ माणूस. दर रविवारी आईकडं यायचा, तिची औषधं आणायचा, आणि दर रविवारी तिला बारामतीला चल म्हणायचा. ती दर रविवारी नाही म्हणायची. तो आला तेव्हा तिच्या परवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज माझ्या टेबलावर होता. वय अठ्ठ्याहत्तर. असा अर्ज आला की डॉक्टरचा दाखला लागतो, आणि माणसाला हत्यार नीट हाताळता येतं की नाही, ते सुरक्षित ठेवलं जातं की नाही, हे बघून ठाण्यानं अहवाल द्यायचा असतो. अहवाल साहेबांच्या सहीनं जातो. बघायला जातो कारकून.

"साहेब, मी झोपत न्हाय," विलास म्हणाला. "रोज मोबाईलवर बिबट्याचे व्हिडिओ येतात. प्रत्येकात मला आईच दिसती. तिला सांगितलं तर म्हणती, घरात बंदूक हाय की. ती उघडता तरी येती का तिला, देवाला ठाऊक. पण त्या बंदुकीच्या जोरावर बसलीय तितं. ती गेली की येईल."

"मग मी काय करू?"

"खोटं लिहा म्हणत न्हाय. खरं तेच लिहा. फक्त बारकाईनं बघा."

मला तो पटला. एका मुलानं आईच्या जिवासाठी मागितलं काय, तर खरं लिहा. यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? मी होय म्हणालो आणि वर त्याला चहाही पाजला.

वस्तीवर गेलो ते अशा रीतीनं. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, दारात पेरूची बाग, पुढं दीड एकर ऊस, आणि बांधापलीकडं भानुदासचा ऊस. घर स्वच्छ, शेणानं सारवलेलं. समोरच खुंटीवर बंदूक. काडतुसं वेगळ्या पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली तिच्या कमरेला. मी मनात एकेक खूण करत गेलो. सगळं नियमाप्रमाणं. तिनं पेरू कापून, मीठ-तिखट लावून दिले. "आता पाव्हणचार हाय, खावा."

मग मी म्हणालो, "आक्का, एकदा उघडून दाखवा. रिकामी आहे का ते."

बारा बोअरच्या एकनळीला वरच्या बाजूला एक कळ असते. ती अंगठ्यानं बाजूला दाबली की नळी खाली झुकते आणि आत काडतूस आहे का ते दिसतं. लहान मुलालाही जमेल असं काम. तिनं बंदूक काढली, मांडीवर घेतली, अंगठा कळीवर ठेवला आणि दाबला. कळ हलली नाही. तिनं अंगठा पुसला, पुन्हा दाबला. तिच्या अंगठ्याचं पेर सुजून सुपारीएवढं झालं होतं, ते मला तेव्हा दिसलं. तिसऱ्यांदा दोन्ही अंगठे लावले. मग बंदूक गुडघ्यात धरून डाव्या हातानं बघितलं. कपाळावर घाम आला. मी बाहेर उसाकडं बघत बसलो.

"राहू द्या," मी म्हणालो. "व्यवस्थित आहे असं लिहितो मी."

"काय येवस्थित? उघाडली का?"

"नाही, पण तुम्ही ती थोडीच उडवणार आहात."

"ते तुमाला इचारलंय का कागदात? कागदात काय इचारलंय?"

"हाताळता येते का."

"येती का?"

मी पेनाचं टोपण लावलं.

"जमादार, तुमी खोटं लिवून परवाना ठिवला, तर त्यो तुमच्या दयेचा झाला. आज तुमी हायसा. उद्या दुसरा येईल, त्याच्या म्होरं मी हात जोडू? तात्यांनी मला चार येळा पुण्याला नेलं ते कुनाची दया नगो म्हनून. जे दिसलं ते लिवा."

लिहिलं. तिथंच बसून लिहिलं, तिनं वाचून घेतलं, एक शब्द अडला तो मला विचारला. "'अक्षम' म्हंजी?" मी सांगितलं. तिनं मान हलवली. मला फार वाईट वाटलं. नोकरीत मी पुष्कळ खोटं लिहिलं आहे. पंचनाम्याच्या वेळा, हजर नसलेले पंच, पावसात भिजलेल्या नोंदी, एकाचाही मला त्रास झालेला नाही. हा एकच कागद शब्दन् शब्द खरा होता, आणि तो अजून सलतो.

दोन महिन्यांत हुकूम आला. परवान्याचं नूतनीकरण नामंजूर, हत्यार जमा करावं. विलासनं बंदूक स्वतःच्या नावावर घ्यायला नकार दिला, त्याला ती घरातच नको होती. हौसाक्का बंदूक घेऊन आली, गोधडीतच. या वेळी विलासची गाडी होती, तो बाहेर थांबला. मी पावती लिहिली, खिळा लिहिला, पोचा लिहिला, शिक्का ठळक मारला. पावतीवर 'परत केल्याची तारीख' असा एक रकाना असतो.

"तितं रेघ मारा," ती म्हणाली. "मोकळी जागा ठिवू नगा."

मी रेघ मारली. तिनं पावती घडी करून कमरेला खोचली आणि बंदुकीकडं वळून न बघता बाहेर गेली. खिडकीतून मला दिसलं, विलासनं गाडीचं पुढचं दार उघडलं होतं आणि तो हसत होता. त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला. "साहेब, आई येत न्हाय म्हणती. वस्तीवर सोडायला लावलं. म्हणती, बंदूक गेली, घर कुठं गेलंय?"

त्यानंतर चार महिन्यांनी मी निवृत्त झालो. नारळ, शाल, साहेबांचं भाषण. घरी बसलो.

भानुदासची बातमी मला विलासनंच सांगितली. बारामतीच्या बाजारात भेटला होता. ऊस तुटून गेला, दोन्हीकडची रानं मोकळी झाली, आणि भानुदासनं नांगरट करताना बांध कोरला. आधी एक तास, म्हणजे नांगराची एक ओळ. आठ दिवसांनी आणखी दोन. विचारलं तर म्हणाला, चुलतीला आता दिसतं कुठं. विलास रविवारी जाऊन भांडला. सोमवारी भानुदासनं आणखी एक तास घेतला. हौसाक्कानं मोजणीचा अर्ज केला होता, फी भरली होती, तारीख पुढं पडली होती. मोजणीची तारीख पुढं पडणं आमच्याकडं पंचांगात लिहिल्यासारखं असतं.

"चुकलं आपलं, साहेब," विलास म्हणाला.

चुकलं तर खरंच. आम्ही दोघं शहाणे बिबट्याचा हिशोब करत बसलो होतो. बंदूक बिबट्यासाठी नव्हतीच. आणि हे काही गुपित नव्हतं. तिनं मला ते सगळं व्हरांड्यातल्या बाकावर बसून सांगितलं होतं, दीर, निरोप, खुंटी, सगळं. मी ते जुन्या काळची गोष्ट म्हणून ऐकलं. माझी समजूत अशी की, सात-बाऱ्यावर नाव आहे, कोर्ट आहे, आम्ही पोलीस आहोत, आता कशाला लागते बंदूक. पन्नास वर्षं तो बांध खुंटीवरच्या लोखंडानं धरून ठेवला होता, आणि ते मीच माझ्या हातानं लिहून खाली उतरवलं.

ती शेवटची दिसली ती या उन्हाळ्यात. वालचंदनगरला माझ्या जुन्या सहकाऱ्याच्या मुलीचा साखरपुडा होता. जेवून परत येताना मी मुद्दाम मोटरसायकल कालव्याच्या रस्त्यानं घेतली. दुपारचे तीन वाजले असतील. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. लांबूनच ट्रॅक्टर दिसला, नांगर जोडलेला, पण उभा. आणि त्याच्या बरोबर पुढं, मोकळ्या रानात, प्लास्टिकची खुर्ची टाकून कुणीतरी बसलेलं.

जवळ गेलो. खुर्ची जिथं होती तिथं पूर्वी बांध होता, हे मला माहीत होतं. हौसाक्का डोक्यावर पदर घेऊन बसली होती, दोन्ही हात मांडीवर. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकापासून तिच्या पायांपर्यंत दोन हात अंतर असेल. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलेलं नव्हतं. भानुदास बाजूला उभा होता, फोन कानाला न लावता नुसता हातात धरून.

मला बघून तो पुढं आला. "बरं झालं आलासा. सांगा की चुलतीला. सरकारी मोजणी व्हईल तवा व्हईल, मी काय पळून चाललोय का? तवर मला माजं रान नांगरू द्या. ऊन लागून मेली तर माज्या नावावर खून लागंल."

मी तिच्याजवळ गेलो. "आक्का, काय हे? किती वेळ बसलाय?"

"सकाळधरनं."

"आणि उद्या?"

"उद्याबी. मोजणीवाला येईस्तोवर. विलासला सांगू नगा, लगीच रजा टाकून येईल."

"आक्का, हे बरं नाही. ट्रॅक्टर आहे तो. एखाद्यानं चुकून गिअर टाकला तर?"

तिनं वर बघितलं. ऊन डोळ्यात जात होतं म्हणून हात कपाळाला लावला. तो सुजलेला अंगठा मला पुन्हा दिसला.

"बंदुकीला परवाना लागतो. ट्रॅक्टरला लायसन लागतं. आपल्या रानात बसायला काय लागतं, तेवढं सांगा."

मी म्हणालो, "काही नाही लागत."

"मग बसलीया."

मी बाजूला गाडी लावायला लागलो. म्हटलं, आपण थांबावं. आता अंगावर वर्दी नसली तरी एकतीस वर्षांची सवय, बंदोबस्त तेवढा येतो मला. कुठंतरी असंही वाटलं असेल की, थांबलो तर त्या कागदाचं थोडं फिटेल.

"तुमी जावा," ती म्हणाली.

"बसतो थोडा वेळ."

"न्हाय, जावा. तुमी हितं दिसलासा तर गाव म्हनंल, म्हातारीनं पोलीस आनून बसवला. मग उद्या तुमी नसताना मी परत एकटी." तिनं हे चिडून नाही, समजावून सांगितलं. "जावा. पानी प्यायचं आसंल तर घरात माठ हाय, दार उघडंच हाय."

मी पाणी प्यालो नाही. त्या घरात जाऊन रिकामी खुंटी बघायची माझी छाती झाली नाही. गाडी वळवली आणि कालव्याच्या पुलापर्यंत आलो. तिथं थांबून मागं बघितलं. भानुदास हातवारे करून ड्रायव्हरला काहीतरी सांगत होता. मग ट्रॅक्टरनं काळा धूर सोडला. पण मोठं चाक मागं फिरलं. ट्रॅक्टर हळूहळू मागं सरकत गेला, नांगर उचलून, आपल्याच रानाच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

ती घराकडं गेली नाही. एका हातानं खुर्ची धरून तिनं ती ट्रॅक्टरच्या दिशेनं नांगराच्या एका तासाएवढी पुढं सरकवली, कोरलेल्या पहिल्या ओळीपलीकडं, आणि पुन्हा बसली.